सोफ्यातली तीन पिल्लं

मंगळवार, ४ मार्च

मालकाला आज मी तोंडावर कसाई म्हणाले. म्हणाले तर म्हणाले! उद्या कामावर येऊ नको म्हणाला तर नाही जाणार.

झालं असं – मागच्या शेडमधला तीन माणसांचा तपकिरी सोफा उघडायला घेतला होता. मी मशीनवर, उशांचे अभ्रे शिवत होते. फ्रेमवर खिळेमामा. (तोंडात कायम वीसेक खिळे धरून ठोकत असतात म्हणून खिळेमामा. बोलायचं झालं तरी काढत नाहीत.) त्यांनी पाठीचं रेक्झिन सुरीनं उभं चिरलं आणि आतून काथ्याचा हा एवढा गोळा खाली पडला. पडला आणि हलला. मामांनी सगळे खिळे थुंकले. बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं मी ते.

गोळ्यात खारीची पिल्लं. तीन. डोळे मिटलेले, अंगावर नुसती लव, माझ्या अंगठ्याहून जरा मोठी. सुरी दोन बोटं बाजूनं गेली होती. मामा गोळ्यावर वाकून 'बघू दे, लागलं का, लागलं का' एवढंच म्हणत होते. काही लागलेलं नव्हतं.

तेवढ्यात मालक. 'काय जत्रा लावलीय? भिंतीवर नेऊन ठेवा. मांजर बघून घेईल.' बघून घेईल! आणि वर – 'दुपारपर्यंत फ्रेम मोकळी हवी.' तेव्हा मी जे म्हणाले ते म्हणाले. पाय आपटत गेला तो. माझ्यासारखी सरळ शिलाई त्याला दुसरीकडे मिळत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

बटणांचा खोका रिकामा केला, फ्लॅनेल घातलं, तिघांना आत. शेजारच्या कुत्र्यामांजरांच्या दुकानातून प्राण्यांच्या डॉक्टरणीचा नंबर आणला. ती बया फोनवर हुकूम सोडत होती – दूध द्यायचं नाही! गाईचं नाही, म्हशीचं नाही, कुठलंच नाही, जुलाब होऊन मरतील. आधी ऊब. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. आणि मग म्हणाली, 'ती अनाथ आहेत असं कुणी सांगितलं तुम्हाला? आई बाहेर गेली असेल. घरटं होतं तिथंच खोका ठेवा, लांब व्हा, अंधार पडेपर्यंत थांबा.'

म्हटलं, आणि नाही आली तर? तर म्हणे, 'तर मग बघू.' हिचाही सूर मालकाचाच. फोन ठेवला आणि तरीही ती म्हणाली तसंच केलं. शेडच्या तोंडाशी खोका ठेवला. मागच्या झाडावर खारी आहेत, रोज दिसतात. तो सोफा महिनाभर तिथंच पडून आहे, म्हणजे आई त्यांच्यातलीच कुणीतरी.

सहा वाजेपर्यंत मशीनवरून मान वळवून वळवून मान धरली. कुणी आलं नाही. घरी घेऊन आले.

बुधवार, ५ मार्च

आली! सकाळी खोका परत शेडच्या तोंडाशी ठेवला, दहा वाजता झाडावरून एक खार उतरली. मी मशीन थांबवलं. मामांनी हातोडी थांबवली. खोक्यापाशी गेली, दोन पाय कडेवर ठेवले, आत डोकावली. आणि मग – मी खोक्याशेजारी डबा विसरले होते – त्यातला शेंगदाणा उचलून पळाली!

परत आली. परत शेंगदाणा. असं चार वेळा. अगं बये, तुझी पोरं तिथं भुकेनं चिरचिर करतायत आणि तू पोट भरतेस? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चप्पल फेकली. लागली नाही. मामा म्हणाले, 'अहो, ती दुसरीच कुणी असेल.' म्हटलं मग पहिली कुठाय? पहिली मेली का? मेली असेल तर तसं तरी कळू दे.

मालक तंबाखू मळत – 'तुम्ही हात लावलात ना, आता माणसाचा वास लागला. आता नाही घेणार आई.' याला सगळ्यातलं सगळं कळतं. डॉक्टरणीला विचारलं, ती म्हणाली थोतांड आहे, खुशाल हात लावा. पण मग आईनं दिवसभरात यायला हवं होतं, असंही म्हणाली. आता कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळते ती दुधाची पावडर आणायची. सुईशिवायची सिरिंज. थेंब थेंब, पिल्लू सरळ धरून, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. प्रत्येक वेळी ओल्या कापसानं खाली पुसायचं, नाहीतर त्यांना लघवी होत नाही. दर तीन तासांनी!

'आणि लक्षात ठेवा, जंगली जीव आहे. पाळायचा नाही. मोठी झाली की सोडायची.' पाळायला बसलंय कोण इथं? मला माझंच होत नाही.

गुरुवार, ६ मार्च, सकाळ

झोप नाही. डोळे चुरचुरतायत. मोठं हावरट आहे, सिरिंज ओढून घेतं. मधलं शहाणं. धाकटं मात्र प्यायच्या आधी माझं बोट दोन्ही हातांनी धरतं आणि मगच तोंड उघडतं. बोट काढलं की तोंड बंद. नखरे बघा!

जाऊबाई वरच्या मजल्यावरून उतरून नाकाला पदर लावून उभ्या. 'सगळ्या जिन्यात वास येतोय.' म्हटलं, तुमच्या मुलाच्या मोज्यांचा येतो तेव्हा मी कधी बोलले? गेल्या.

लेकीचा फोन. ती म्हणाली, 'आई, परत सुरू झालं का तुझं?' परत म्हणजे काय? कबुतर एकदा आणलं होतं, आणि ते मांजर आपणहून आलं होतं. तुला काय, तू तिकडे. आठवड्यातून एकदा अकरा मिनिटं बोलायचं आणि उपदेश करायचा. असं काही म्हणाले नाही. 'जेवलीस का' म्हणाले. मग ठेवला.

कसली आई ही, मी म्हणते! तीन दिवस झाले. माणसाच्या आया तरी बऱ्या.

गुरुवार, दुपार – कामावरून, बिलाच्या कागदामागे लिहितेय

आधी लिहून काढते.

चष्म्याच्या दुकानाचे मालक आले होते, आपला सोफा कुठवर आला बघायला. फ्रेमकडे बघून म्हणाले, 'हा माझा नव्हे.' मालक हसला, तुमचाच हो, तपकिरी. ते म्हणाले, 'माझ्या सोफ्याच्या हातावर मुलानं इस्त्री ठेवली होती. डाग कुठाय?' डाग नाही. मागं शेडमध्ये जाऊन ताडपत्री उचलली तर इस्त्रीच्या डागाचा सोफा तिथं बसलाय, महिन्याभराच्या धुळीसकट, कुणी हात न लावलेला.

मग उघडला तो कुणाचा? तो बंगल्यातल्या बाईंचा. गावाच्या पार दुसऱ्या टोकाचा. सोमवारी सकाळी टेम्पोनं आला. सोमवारी मी रजेवर, दातांच्या डॉक्टरकडे. आणि टेम्पोवाल्यानं आत न्यायचा कंटाळा केला म्हणून पुढेच उभा केला. पुढचा दिसला, पुढचा उघडला. कुणी विचारलं नाही, कुणी पाहिलं नाही.

म्हणजे पिल्लं सोफ्यासकट आली! आई तिकडे आहे! आणि मी दोन दिवस परक्या झाडाखाली खोका ठेवून परक्या खारीला चप्पल मारतेय!

टेम्पोवाल्याला बोलावलं. म्हटलं, सोफा चढवताना काही दिसलं का? डोकं खाजवत म्हणतो कसा – 'हो ना, एक खार सारखी टेम्पोच्या फळीवर चढत होती. दोनदा चढली. टॉवेलानं हाकलली. मग गेटपर्यंत मागं पळाली.' हसत सांगतोय! एवढी गंमत वाटली त्याला! मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, हा कागद बिलाचा आहे. त्याचं तोंड एवढंसं झालं.

बंगल्याला फोन लावला. बाई म्हणाल्या, 'खार ना? अहो, जीव नकोसा केलाय. सोमवारपासून पडवीत चिरचिर चिरचिर, दुपारची झोप नाही. उद्या अकरा वाजता पेस्ट कंट्रोलवाले येणार आहेत.' म्हटलं बाई, त्यांना थांबवा. तर म्हणाल्या, 'का? आता वेळ दिलीय त्यांना.' मी सांगितलं का ते. मग म्हणाल्या, 'सकाळी लवकर या.'

डॉक्टरणीला विचारलं, चार दिवसांनी घेईल का ती? 'खात्री देत नाही. पण अजून शोधतेय म्हणजे आशा आहे. उद्याच न्या. एकही दिवस घालवू नका. आणि तिन्ही एकत्र न्या.'

शुक्रवार, ७ मार्च

धाकटं गेलं. पहाटे. कुंडीत पुरलं.

दोघांना घेऊन पहिल्या बसनं गेले. खोका मांडीवर, बाटली खोक्यात, वर शाल. शेजारचा माणूस विचारत होता काय आहे, काय आहे. बटणं, म्हटलं.

बंगला म्हणजे दोन खोल्या आणि भली मोठी पडवी. बाई एकट्याच. शाळेतून निवृत्त झालेल्या, अजून तसंच बोलतात, सगळ्या जगाला पाठ चुकली असल्यासारखं. सोफा जिथं होता तिथं फरशीवर चौकोनी डाग राहिलाय. खोका बरोबर त्या डागावर ठेवला. आम्ही आत, खिडकीच्या पडद्यामागे. मी म्हटलं बोलू नका. त्या म्हणाल्या, 'मी कुठं बोलतेय?' आणि पुढं पंधरा मिनिटं बोलल्या.

आली. पडवीच्या वाशावरून, उलटी, डोकं खाली. बारीक झालेली, पाठीचे केस विस्कटलेले. खोक्याभोवती तीन फेऱ्या. मग सरळ आत उडी. मोठ्याला तोंडात धरलं, त्यानं अंगाचं मुटकुळं केलं आणि तिच्या गळ्याला बिलगलं. गेली वाशावरून, छपराच्या कोपऱ्यात. बाईंनी माझा हात धरला होता, इतका घट्ट की अंगठी रुतली. पावणेदोन मिनिटांत परत. मधलं. गेली.

आणि परत आली. मला वाटलं नव्हतं ती परत येईल. खोक्यात उतरली. फ्लॅनेल उचकलं. बाटलीखाली बघितलं. बाहेर येऊन डागावरून नाक फिरवत गेली, परत आत. बराच वेळ. बाई कुजबुजल्या, 'अजून काय शोधतेय?' मी म्हटलं, सवय असेल. मला बस होती. मी निघाले.

अकरा वाजता पेस्ट कंट्रोलवाल्यांना बाईंनी दारातूनच परत पाठवलं म्हणे. फोन करून सांगितलं. बरं झालं. झालं ते उत्तम झालं. विषय संपला.

शनिवार, ८ मार्च

सगळ्यांना एकच – 'तिसरं? तिसरं?' मेलं, म्हटलं. किती वेळा सांगायचं?

टेम्पोवाला दोन संत्री ठेवून गेला माझ्या मशीनवर. ती मी मालकाला देऊन टाकली. माझ्याशी चांगलं वागायचा कुणी प्रयत्न करू नका.

खिळेमामा जेवले नाहीत. डबा उघडला, झाकला. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाले, 'माझीच सुरी लागली असणार. आतून लागली असणार, दिसली नाही आपल्याला.' म्हटलं, नाही हो मामा. म्हणाले, 'तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय.' आणि खिळे तोंडात न घेताच ठोकायला बसले, एकेक डब्यातून उचलून. दिवसभर तसंच. ठक... मग थांबायचं... ठक. डोकं उठलं माझं त्या आवाजानं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? एक एवढासा जीव, जगात रोज किती मरतात! मी ओरडले त्यांच्यावर. त्यांच्यावर मी आजवर कधी ओरडले नव्हते.

रविवार, ९ मार्च

जाऊबाई – 'गेलं ना ते? मग दुधाची पावडर कशाला भिजवताय?' फुकट जाऊ नये म्हणून मांजराला घालतेय, म्हटलं. 'कुठल्या मांजराला?' चोंबडी! दार लावून घेतलं.

सोमवार, १० मार्च

बंगल्यातल्या बाईंचा फोन, भर कामात. 'अहो, ती रोज सकाळी येते. खोक्यात उतरते, कापड उलटंपालटं करते, मग कडेवर बसून राहते. तीन होती का हो?'

म्हटलं, खोका उचला तुम्ही. उगाच तिला आशा कशाला? म्हणाल्या, 'मी काही उचलायची नाही. तुम्ही उत्तर दिलं नाहीत.' शाळेतल्या बाई ना! म्हटलं हो, तीन होती, एक मेलं. 'कधी?' शुक्रवारी पहाटे. 'कशानं?' कशानं म्हणजे? मरतात तशी! मी काय डॉक्टर आहे? फोन कट केला.

काय अधिकार आहे या बाईला! दुपारच्या झोपेसाठी हीच विष घालायला निघाली होती, चार दिवसांपूर्वी. आणि आता मला उलटतपासणी! ज्याला त्याला आई म्हणजे काय ते मलाच शिकवायचंय. मी एक वाढवलीय. एकटीनं. मोठी करून सोडून दिली, सगळे सांगतात तसंच. घरात सहा वाजता आल्यावर काय असतं ते कुणी येऊन बघितलंय?

मंगळवार, ११ मार्च

मामा आले नाहीत कामावर. मालक म्हणाला, हात चालत नाही म्हणाले, फ्रेम होणार नाही. सुरी आपल्या पिशवीत घालून घरी घेऊन गेलेत. मालक माझ्याकडे बघत होता, जसं काही मला विचारलं तर मला माहीत असणार.

सगळ्यांचा राग येतो. अभ्र्याची एक बाजू उलटी शिवली, उसवून परत शिवली, परत उलटी.

बुधवार, १२ मार्च

काही नाही.

गुरुवार, १३ मार्च, सकाळ

शुक्रवारचं खोटं आहे. कुंडीत काही नाही, माती आहे. धाकटं मेलेलं नाही. माझ्या लोकरीच्या पेटीत आहे, सहा दिवस तिथंच आहे. तिघांना खोक्यात घालत होते तेव्हा त्यानं बोट धरलं आणि मी ते सोडवलं नाही. एवढंच झालं. हे मी या वहीलासुद्धा सांगितलं नाही, आणि इथं तर मीच वाचते.

आज पहाटे त्याचा डावा डोळा उघडला. बघत होतं माझ्याकडे, बराच वेळ. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही, लाज वाटली.

मामांना फोन केला. सांगितलं सगळं. ते रडले, मग मला शिवी दिली. चांगली शिवी होती. बाईंना फोन केला नाही. ती खार काल आली होती की नाही, हे विचारायची हिंमत झाली नाही. पहिली बस सव्वासहाची. पेटी घेऊन निघते.